वाचकांचे प्रश्न : मंगोलांचे हेर, सौदागर आणि दुभाषे

मागील अंकात याच सदरात मंगोल घोडदळावर लिहिले होते. घोडा, धनुष्य आणि शिस्त या तीन गोष्टींवर त्यांचे साम्राज्य उभे राहिले, असे त्यात एक वाक्य होते आणि नेमक्या त्याच वाक्याला बऱ्याच वाचकांनी हरकत घेतली आहे. परमुलखाची बातमी आधी काढल्याखेरीज इतक्या दूरवर फौजा नेता येतील का, असा त्यांच्या पत्रांचा रोख आहे. हरकत रास्त आहे. म्हणून आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून या वेळी त्या एकाच विषयावर लिहितो.

प्रश्न : शिवरायांचे हेरप्रमुख म्हणून आपण बहिर्जी नाईकांचे नाव घेतो. चंगीझखानाकडे त्या कामासाठी असा कोणी खास माणूस होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : असा एक माणूस बोट ठेवून दाखवता येत नाही आणि तो सापडत नाही यातच मंगोल पद्धतीची खूण आहे, असे मला वाटते. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या नावाने ओळखला जाणारा तेराव्या शतकातील ग्रंथ वाचला, तर त्यात हेरांचे खाते कुठे दिसत नाही. बातमी आणून देणारी माणसे मात्र वारंवार भेटतात, आणि त्यांतली कित्येक अगदी साधी, हाताखालची माणसे आहेत.

1203 सालची एक गोष्ट त्या ग्रंथात फार बारकाईने सांगितली आहे. केरेईत टोळीचा प्रमुख वांग खान आणि त्याचा मुलगा सेंगुम यांनी तेमुजीनला, म्हणजे पुढच्या चंगीझखानाला, दुसऱ्या दिवशी पहाटे घेरून पकडण्याचा बेत केला. मसलत आटोपून येके चेरेन नावाचा सरदार आपल्या तंबूत परतला आणि बायकोपाशी सगळे बोलून गेला. इतकेच नव्हे, तर ही खबर कोणी तेमुजीनला नेऊन पोहोचवली तर त्याला केवढे बक्षीस मिळेल, असेही म्हणाला. भलतेसलते बोलू नका, कोणी खरे मानील, असे बायकोने त्याला टोकले. पण तेवढ्यात दूध घेऊन आलेल्या बादाई नावाच्या घोडेराख्याने ते ऐकले होते. त्याने आपला जोडीदार किशिलिक याला सांगितले. किशिलिकने ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता स्वतः तंबूकडे जाऊन पाहिले, तेव्हा चेरेनचा मुलगा बाहेर बसून बाण घासत होता आणि त्याने किशिलिकलाच दोन चांगले घोडे पहाटेसाठी बांधून ठेवायला फर्मावले. खात्री पटली. त्या दोघांनी रात्री एक कोकरू मारले, जळण म्हणून आपल्या पलंगाच्या फळ्या जाळून ते शिजवले आणि बांधून ठेवलेले तेच दोन घोडे घेऊन तेमुजीनचा तळ गाठला. पुढे वांग खानाचा पाडाव झाल्यावर त्याचा सोनेरी तंबू, त्यातल्या मद्यपात्रांसह आणि सेवकांसह, या दोन घोडेराख्यांना बहाल करण्यात आला. इनामाची ही गोष्ट गवताळ प्रदेशातल्या तळातळांत सांगितली गेली असणार. पुढच्या खबऱ्याला बोलावून आणण्याची वेगळी गरज मग उरत नाही.

त्याच वर्षी तेमुजीनने शत्रूच्या कानात खोटी बातमीही घातली. त्याचा भाऊ कासार याची बायकामुले वांग खानाच्या ताब्यात होती. कासार आपल्या भावाला शोधून थकला असून आता शरण यायला तयार आहे, असा निरोप घेऊन दोन माणसे वांग खानाकडे गेली. वांग खान त्या वेळी सोनेरी तंबू उभारून मेजवानीत दंग होता. त्याने विश्वास ठेवून शपथक्रियेसाठी आपला माणूस त्यांच्याबरोबर धाडला. तो माणूस वाटेतच धरला गेला, आणि परतलेल्या दोघांनी वांग खान बेसावध असल्याचे डोळ्यांनी पाहून आलेले वर्तमान सांगितले. तेमुजीनने रातोरात चालून जाऊन त्याला वेढले आणि तीन दिवसांच्या लढाईत केरेईतांचे राज्य संपवले. निरोप पोहोचवणारे आणि टेहळणी करणारे इथे एकच आहेत, हे ध्यानात ठेवावे; पुढे ओत्रार शहराच्या प्रसंगात त्याचा उपयोग होईल.

1204 साली नायमानांचा प्रमुख तायांग खान याच्यावर स्वारी झाली. मंगोलांच्या टेहळ्यांपैकी एकाचा रोडावलेला घोडा नायमानांच्या हाती लागला, आणि त्यावरून त्यांनी मंगोलांची घोडी थकलेली आहेत असा अगदी बरोबर तर्क केला. मंगोलांनी हे ओळखले. घोड्यांना चरायला अवधी मिळावा म्हणून त्यांनी मोकळ्या माळावर तळ पसरला आणि दर माणशी पाच ठिकाणी शेकोट्या पेटवल्या. मंगोलांच्या शेकोट्या ताऱ्यांपेक्षा अधिक दिसतात, अशी बातमी नायमानांच्या पहारेकऱ्यांनी आपल्या मालकाला नेऊन दिली. पहारेकरी खोटे बोलले नाहीत. मंगोलांना जे दाखवायचे होते तेच त्यांनी पाहिले. शत्रूचे डोळे फोडण्यापेक्षा ते आपल्या कामाला लावणे मंगोलांना अधिक सोयीचे वाटत असे.

प्रश्न : ओत्रारला कापलेला सौदागरांचा काफिला खरोखर हेरांचा होता की ख्वारझमच्या सुभेदाराने लोभापायी कुभांड रचले? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ज्यांना प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात हकिकत देतो. 1218 साली चंगीझखानाच्या मुलखातून निघालेला सुमारे 450 मुसलमान व्यापाऱ्यांचा काफिला सीर नदीकाठच्या ओत्रार शहरी आला. तिथला सुभेदार इनालचुक याने त्यांना अटकेत टाकले आणि ख्वारझम या मध्य आशियातल्या राज्याचा सुलतान महंमद ख्वारझमशाह याच्या संमतीने ठार केले. एकजण निसटला आणि त्याने खानाला वर्तमान कळवले. जाब विचारायला आलेल्या वकिलालाही ख्वारझमशाहाने मारले. त्यानंतर मध्य आशियाचे जे झाले ते प्रसिद्धच आहे.

कारणांविषयी दोन इतिहासकारांच्या दोन तऱ्हा आहेत. ख्वारझमच्या राजपुत्राचा चिटणीस असलेला नसवी लिहितो की, सुभेदाराने सुलतानाला कळवले, हे लोक सौदागरांच्या वेषात आले असले तरी आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या गोष्टींची चौकशी करतात आणि एकटादुकटा माणूस गाठून त्याला येणाऱ्या संकटाची धमकी देतात. मात्र नसवीच असेही सुचवतो की, सुभेदाराला त्या मालाची हाव सुटली होती. पुढे मंगोलांच्या चाकरीत राहिलेला जुवैनी वेगळीच ठिणगी दाखवतो. काफिल्यात हिंदुस्थानातला एक व्यापारी होता आणि त्याची इनालचुकशी जुनी ओळख होती. इनालचुकला आता घायिर खान अशी पदवी मिळाली होती. परंतु हा गृहस्थ आपल्या खानाच्या बळाच्या गुर्मीत त्याला चारचौघांत नुसते ‘इनालचुक’ म्हणून हाका मारी. पदवी नवी असताना जुन्या नावाची हाक किती झोंबते, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला सांगायला नको.

माझे मत असे की, ‘व्यापारी की हेर’ हा प्रश्नच मंगोलांच्या बाबतीत नीट बसत नाही. जुवैनी सांगतो की, हा काफिला उभा करताना चंगीझखानाने आपल्या मुलांना आणि सरदारांना आपापल्या पदरची दोन-तीन माणसे निवडून, त्यांना सोन्याचांदीचे भांडवल देऊन पाठवण्याचा हुकूम केला होता. ज्याचे भांडवल त्याला हिशेब द्यायचा, आणि हिशेबात बाजारभावाबरोबर वाटेवरचे पाणी, किल्ल्यांची डागडुजी आणि अंमलदारांची आपसांतली भांडणेही यायची. अशा माणसाने रात्री गुपचूप नकाशे काढण्याची गरज नव्हती. त्याने फक्त परत येऊन विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. म्हणून सुभेदाराचा संशय निराधार नव्हता, आणि तरीही मारलेले लोक व्यापारीच होते.

चीनच्या बाजूचे एक उदाहरण हे अधिक स्पष्ट करते. 1213 साली किन राज्याची राजधानी झोंगदू, म्हणजे आजचे बीजिंग, हिच्या वाटेवरील जुयोंग खिंडीशी मंगोल अडले. दरवाजे लोखंड ओतून बंद केलेले होते आणि वाटेवर दूरवर लोखंडी सराटे पसरलेले होते. तेव्हा पश्चिमेकडून आलेला जाफर नावाचा मुसलमान, जो पूर्वी वकील म्हणून त्या राज्यात जाऊन आला होता, त्याने सांगितले की, उत्तरेला काळ्या अरण्यातून एका वेळी एकच घोडेस्वार जाईल एवढी वाट आहे, मी तिने गेलेलो आहे, आणि तोंडात काडी धरून चकार शब्द न काढता फौज निघाली तर एका रात्रीत पलीकडे उतरेल. पहाटे मंगोल सपाटीवर उतरले तेव्हा खिंडीचे रक्षक झोपेत होते. वकिलीच्या प्रवासात पाहिलेली पायवाट योग्य वेळी आठवणे, एवढेच त्या माणसाचे हेरगिरीचे काम.

ख्वारझमशाहाने स्वतःही हेर नेमण्याचा प्रयत्न केला होता, आणि तो प्रसंग नसवीने मोठा रंगवून सांगितला आहे. काफिल्याच्या आधी खानाचे तीन वकील आले होते. त्यांपैकी महमूद हा मूळचा ख्वारझमचा. शाहाने त्याला रात्री एकट्याला बोलावले, आपल्या बाजूबंदातले रत्न काढून दिले आणि, तू आमच्या मातीतला, तेव्हा खानाच्या दरबारातून आम्हाला बातमी देत जा, असे सांगितले. महमूदने भीतीपोटी मान डोलावली. मग शाहाने खानाच्या सैन्याचा अंदाज विचारला. खानाने निरोपात शाहाला ‘मुलासारखा’ म्हटल्यामुळे तो आधीच तापला होता. ते पाहून महमूदने, आपल्या अफाट फौजेपुढे त्याची फौज म्हणजे सैन्याच्या गर्दीत एखादा स्वार, अशा अर्थाचे उत्तर दिले. शाहाला ते गोड वाटले. बहुधा हाच महमूद पुढे महमूद यलवाच या नावाने मंगोलांचा फार मोठा कारभारी झाला. रत्न देऊन विकत घेतलेल्या खबऱ्याने मालकाला त्याच्या आवडीचे ऐकवले, आणि मालकाने ते पारखून घेतले नाही. किशिलिकसारखे तंबूपर्यंत जाऊन पाहणारे कोणी शाहाजवळ नव्हते.

युद्ध पेटल्यावर ओत्रारचाच एक अधिकारी बद्रुद्दीन मंगोलांना जाऊन मिळाला. त्याचे वडील आणि चुलते ख्वारझमशाहाने मारले होते, त्यामुळे त्याचा दावा रक्ताचा होता. सुलतान आणि त्याची आई तेरकेन खातून यांच्यातले वितुष्ट त्याने चंगीझखानाला उलगडून सांगितले आणि आईच्या माहेरच्या तुर्क सरदारांच्या नावाने खोटी पत्रे तयार करवली. आम्ही आपल्या वाटेकडे डोळे लावून आहोत, असा त्यांचा आशय होता. ती पत्रे पळून आल्याचे सोंग घेतलेल्या माणसामार्फत सुलतानाच्या हाती पडतील अशी तजवीज केली गेली. सुलतानाने मैदानात एकवटून लढण्याऐवजी फौज शहराशहरांत वाटून टाकली, याचे एक कारण हा संशय होता, असे नसवी मानतो. कारणे आणखीही असतील. खुल्या मैदानात मंगोलांना तोंड देण्याची धास्ती त्यांतले एक. पण घरात भांडण नसते तर त्या कागदांना किंमत आली नसती, हे खरेच.

प्रश्न : मंगोलांना युरोपातल्या भाषा येत नव्हत्या. मग तिथली माहिती त्यांना कळत कशी होती? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पकडलेल्या माणसांच्या तोंडून. 1204 साली नायमानांचा पाडाव झाला तेव्हा मुद्रा सांभाळणारा ताताटुंगा नावाचा उइघुर कारकून हाती लागला. चंगीझखानाने त्याला जिवंत ठेवले, त्याच्याकडून राजपुत्रांना उइघुर लिपी शिकवली आणि मंगोल भाषा लिहिली जाऊ लागली. शहर घेतल्यावर कारागीर वेगळे काढून जिवंत ठेवण्याची मंगोलांची रीत सर्वांना माहीत असते. भाषा येणारी माणसेही त्यांच्या लेखी कारागीरच होती.

सर्वांत विलक्षण दुभाषा एक इंग्रज होता. मॅथ्यू पॅरिस या इंग्लिश मठवासीयाच्या बखरीत 1243 सालाखाली एक पत्र उतरवले आहे. त्यानुसार ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर पकडलेल्या मंगोलांच्या माणसांत एक इंग्रज निघाला. गुन्ह्यांमुळे त्याला इंग्लंडमधून हद्दपार केले होते. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील अक्का शहरी त्याने जवळचे सगळे फाशांच्या जुगारात घालवले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तो पूर्वेकडे भटकत गेला. वाटेत आजारी पडून एका ठिकाणी अडकला असता लोक बोलतील ते शब्द तो लिहून ठेवू लागला, आणि पुढे ते इतके हुबेहूब उच्चारू लागला की ऐकणाऱ्याला तो तिथलाच वाटे. मंगोलांच्या माणसांनी हे गुण हेरून त्याला गाठले आणि चाकरीस घेतले. हंगेरीच्या राजाकडे धमकीचे निरोप घेऊन तो दोनदा गेला होता. जुगारात बुडालेला, देशात परत जाण्याची सोय नसलेला आणि भाषांचा कान असलेला माणूस: दुभाषा म्हणून याहून भरवशाचा कोण मिळणार?

अशा माणसांकडून काय कळत असे, याचा मासला चंगीझखानाचा नातू बातू याने हंगेरीचा राजा चौथा बेला याला धाडलेल्या पत्रात आहे. ज्युलियन नावाच्या डोमिनिकन साधूने ते पत्र हंगेरीत आणले. माझे वकील तीस वेळा येऊनही तू उत्तर देत नाहीस, माझे चाकर असलेल्या कुमान या भटक्या लोकांना तू आश्रय दिला आहेस, ते तंबू घेऊन फिरणारे असल्यामुळे कदाचित निसटतीलही, पण घरे, किल्ले आणि शहरे असलेला तू माझ्या हातून कसा सुटशील, असे त्यात विचारले आहे. कुमानांचा आश्रय ही बेलाच्या राज्यातली सर्वांत नाजूक गोष्ट होती, कारण त्याच्या सरदारांना ते पाहुणे नको होते. 1241 साली मंगोल हंगेरीत शिरले तेव्हा कुमानांचा प्रमुख पेस्ट शहरात मारला गेला आणि चिडलेले कुमान लुटालूट करत निघून गेले. बेलाच्या बाजूने लढू शकणारे उत्तम घोडदळ असे एक बाणही न सोडता नाहीसे झाले.

प्रश्न : मंगोलांचे जासूद दिवसाला किती मजल मारत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तातडीच्या टपालासाठी मार्को पोलोने 200 ते 250 मैल असा आकडा दिला आहे. तो कुब्लाईखानाच्या काळातला, बांधीव रस्त्यांवरचा आणि ठाण्याठाण्यावर ताजे घोडे मिळण्याच्या भरवशावरचा आहे. स्वारीवर असलेल्या फौजेला तो लावू नये. ठाण्यांची ही व्यवस्था, जिला ‘याम’ म्हणत, चंगीझखानाचा मुलगा ओगेदेई खान याने रीतसर बसवली. ज्याच्याजवळ खानाचा धातूचा किंवा लाकडी परवाना असे, त्याला ठाण्यावर घोडा आणि अन्न मिळे. स्वार घुंगरू बांधून येत असल्यामुळे पुढच्या ठाण्यावर आवाज ऐकूनच घोडा तयार ठेवला जाई.

प्रश्न : या खेळात मंगोलांना कोणी हरवले का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी त्यांनी मारलेला सर्वांत निर्दय डाव सांगतो. 11 एप्रिल 1241 रोजी मोहीच्या लढाईत हंगेरीचे सैन्य बुडाले आणि पडलेल्या प्रधानाच्या अंगावर राजाची मुद्रा मंगोलांना सापडली. त्यांनी कैदेतल्या हंगेरियन पाद्र्यांकडून राजाच्या नावाने पत्रे लिहवून घेतली, त्यांवर ती मुद्रा उमटवली आणि देशभर पाठवली. या कुत्र्यांच्या क्रौर्याला भिऊ नका, घरे सोडू नका, आम्ही लवकरच परत लढायला उभे राहतो, असा मजकूर होता. स्वतः मंगोलांच्या कैदेत राहून सुटलेल्या रॉजर नावाच्या धर्माधिकाऱ्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. लोक घरीच थांबले. पत्रात मंगोलांना कुत्रे म्हणायला मंगोलांनी हरकत घेतली नाही, हा त्यातला मला सर्वांत थंडगार वाटणारा तपशील.

आता हरण्याविषयी. पोपचा वकील म्हणून 1246 साली ग्युयुक खानाच्या राज्यारोहणाला हजर राहिलेला कार्पिनी हा साठी ओलांडलेला साधू त्यांच्या तळात कान उघडे ठेवून वावरला. वीस-तीस वर्षे मंगोलांत राहिलेल्या रशियन आणि हंगेरियन लोकांशी तो लॅटिनमधून बोलला. खानाचे सिंहासन आणि मुद्रा घडवणाऱ्या कोस्मास नावाच्या रशियन सोनाराने त्याला खाऊही घातले आणि मुद्रेवरचा मजकूरही सांगितला. परत निघताना खानाचे वकील सोबत देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा कार्पिनीने ती टाळली. आपल्या राजाराजांतली भांडणे त्यांना दिसतील आणि चढाईला जोर येईल, आणि ते देश हेरायलाच येत असतील, ही त्याने लिहून ठेवलेली कारणे. मंगोलांनी अनेकांवर चालवलेली युक्ती त्यांच्याच तळात बसून ओळखणारा हा माणूस हत्यारबंद नव्हता.

खरा तोडीस तोड मात्र इजिप्तचा सुलतान बैबर्स. मंगोलांप्रमाणे तोही गवताळ प्रदेशातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला किपचाक. त्याने कैरो ते दमास्कस चार दिवसांत बातमी पोहोचेल असे घोड्यांचे टपाल बसवले, जाळांचे इशारे आणि कबुतरे ठेवली, आणि मंगोलांच्या वाटेवरची कुरणे आपली माणसे पाठवून जाळवली, कारण चारा नसेल तर मंगोल फौज पुढे सरकत नाही हे त्याला नेमके माहीत होते. दमास्कस सोडून मंगोल खान हुलागू याच्या पदरी गेलेल्या जैन अल-हाफिजी या अधिकाऱ्याला त्याने अशी पत्रे पाठवली की, तो आतून इजिप्तला मिळालेला आहे असे हुलागूला वाटावे. हुलागूने त्याला ठार केले. ख्वारझमशाहावर चाललेली पत्रांची युक्ती चाळीसेक वर्षांनी चंगीझखानाच्या नातवावर चालली.

प्रश्न : आपला ‘दारोगा’ हा शब्द मंगोल आहे असे ऐकले. ‘जासूद’ही तिकडचाच का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : दारोगा तिकडचा आहे. जिंकलेल्या शहरांवर मंगोल ‘दारुघाची’ नावाचा अंमलदार बसवत. शिरगणती, करवसुली, टपालठाण्यांची देखरेख आणि वर बातमी कळवणे ही त्याची कामे. मूळ धातूचा अर्थ ‘दाबणे’ असा असून मुद्रा दाबून उमटवण्याशी त्याचा संबंध जोडतात. हा शब्द फारसीत ‘दारोगा’ झाला आणि मोगली कारभाराबरोबर आपल्याकडे आला. जासूद मात्र अरबी ‘जासूस’चे मराठी रूप आहे.